ठराव झाला, पाणी कुठे आहे?

दरवर्षी २० मार्चला आम्ही महाडला जातो. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावतो, घोषणा देतो, फोटो काढून परत येतो. यंदा घरी पोहोचलो तेव्हा माठ रिकामा होता. वस्तीच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं.

आमच्या गावात 'हर घर जल'चा फलक आहे. वस्तीतल्या प्रत्येक दारात नळही आहे. पण वस्ती पाईपलाईनच्या टोकाला. वरच्या आळ्या भरेपर्यंत टाकी संपते. मग आमच्या बाया हंडे घेऊन हापशावर. आता विहिरीवर कुणी अडवत नाही, म्हणून जातीचा प्रश्न मिटला असं गाव म्हणतं. पण लाईन कुठून न्यायची आणि व्हॉल्व्ह कधी सोडायचा, हे कोण ठरवतं?

४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांबद्दल होता. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं, पण कागदावर. बाबासाहेबांना १९२७ साली तिथं चालत जावं लागलं आणि कोर्टातला लढा १९३७ पर्यंत चालला. संविधानाच्या कलम १५(२) मध्येही राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी-तलावांचा उल्लेख आहे. म्हणजे पाण्याचा हक्क आणि सरकारी पैशाचा हिशोब हे मुळात एकाच लढ्याचे भाग आहेत. आम्ही हक्क पाठ केला आणि हिशोब सोडून दिला.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. आमच्या घरी पाच माणसं, म्हणजे २७५ लिटर. महिनाभर वहीत नोंद केली. एकाही दिवशी दोनशे लिटर भरले नाहीत. ती वही घेऊन आम्ही १ मेच्या ग्रामसभेत गेलो. उत्तर मिळालं, "तुमच्या बाईची समितीत सही आहे की!"

सही खरी होती. पाणी समितीत आमचीच काकू आहे. रजिस्टर घरी यायचं, ती सही करायची. विषय काय, हे तिला कुणी सांगितलं नाही. आम्ही शिकलेल्यांनीही कधी विचारलं नाही. ही चूक आमची आहे.

आता काकू बैठकीला जाते, इतिवृत्त वाचून घेते, मगच सही करते. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका आम्ही माहिती अधिकारात मागितली आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पिण्याच्या पाण्यासाठीही होता, त्यातला किती वस्तीवर खर्च झाला हेही विचारलं आहे. वस्तीसाठी वेगळ्या लाईनचा ठराव झाला. पाईप अजून आलेला नाही. कागदावरच्या ठरावाचं काय होतं, हे महाडनं आपल्याला शिकवलंय, म्हणून पाठपुरावा सुरू आहे.

मित्रांनो, महाडला जरूर जा. पण परतल्यावर आपल्या वस्तीच्या नळाखाली हंडा लावा, लिटर मोजा आणि पुढच्या ग्रामसभेत वही घेऊन उभे राहा.

जय भीम!