हिंगण्याच्या मळ्यातला झेंडू

नागपूरहून हिंगण्याच्या वाटेला लागले, की एमआयडीसीचे कारखाने मागे पडतात आणि काळ्या रानात कपाशी, तूर, भाजीचे मळे दिसू लागतात. ओल असूनही वांग्या-टोमॅटोचे झाड भरदुपारी मान टाकते, तेव्हा ते उपटून मुळे पाहावीत. भुईमुगाच्या गाठी मुळाच्या कडेला असतात, बोटाने सुटतात, त्या कामाच्या. मूळच फुगून गाठाळले असेल, तर ती सूत्रकृमी. उन्हाळ्यात खोल नांगरून रान तापू द्यावे. एकरी 4 ते 8 क्विंटल निंबोळी पेंड मिसळावी, ओळींमधून आफ्रिकन झेंडू लावावा. त्याच्या मुळांतले द्रव्य सूत्रकृमींना मारक असते. बांधावरच्या चार झाडांनी मात्र भागत नाही. दसऱ्याला फुलांचे पैसे वेगळेच! शेणखत कच्चे घालू नये. त्यातून हुमणी येते, आणि तिला झेंडू आवरत नाही.