घेतलेलं परत केलं का?

इंदूरच्या आमच्या घरी शेजारून एखादं भांडं आलं, की आजी ते ओट्याच्या कोपऱ्यात वेगळं ठेवायची. "ज्यानं आणलं त्यानंच परत नेऊन द्यायचं," हा तिचा नियम. लहानपणी मला ती कटकट वाटायची. बीई होऊन नोकरीला लागल्यावर एका रात्री तीन वाजता मला तिची आठवण आली.

मी सी भाषेत एक सर्व्हर लिहिला होता. हजारो उपकरणं नेटवर्कवरून त्याला जोडली जात, माहिती पाठवत आणि निघून जात. प्रत्येक जोडणीसाठी मी मॅलॉकनं ४ केबी मेमरी मागून घ्यायचो आणि काम झालं की फ्री करायचो. चाचणीत सगळं सुरळीत. प्रत्यक्षात मात्र दर आठ-दहा दिवसांनी सर्व्हर बंद पडे. मेमरी संपत आली की लिनक्स एखादा प्रोग्राम मारून टाकतं. बळी नेमका आमचाच जायचा.

टीममधल्या एका नव्या मुलीनं त्याच महिन्यात कोडमध्ये थोडा बदल केला होता. बैठकीत मी सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. ती काही बोलली नाही.

त्या रात्री व्हॅलग्राइंड हे साधन लावून प्रोग्राम चालवला. परत न केलेली मेमरी कुठल्या ओळीत घेतली, ते हे साधन सांगतं. ओळ माझीच निघाली. माहिती पूर्ण आली, तर मी मेमरी फ्री करत होतो. पण नेटवर्कवर समोरचा मध्येच निघून जातो. मग रिसीव्ह फंक्शन ० देतं, चूक झाली तर उणे १. या दोन्ही वेळी मी फ्री न करताच रिटर्न लिहून मोकळा झालो होतो. दिवसाला सुमारे २५,००० जोडण्या अशा अर्धवट तुटत. २५,००० गुणिले ४ केबी, म्हणजे रोज जवळपास १०० एमबी! छोट्या प्रोग्रामला हे खपून जातं, कारण तो संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी मेमरी परत घेते. सर्व्हर मात्र संपतच नाही.

घाईघाईत मी जागोजागी फ्री लिहिलं. आता एकच मेमरी दोनदा फ्री झाली आणि सर्व्हर लगेच कोसळला! शेवटी फंक्शनला बाहेर पडायची एकच वाट ठेवली. कुठेही चूक झाली तरी गोटूनं तिथेच यायचं, सगळं परत करायचं, सॉकेट बंद करायचं आणि मग निघायचं. पॉइंटर सुरुवातीलाच नल केला, कारण नल फ्री केल्यानं काही बिघडत नाही. गेटअ‍ॅड्रइन्फोनं दिलेली पत्त्यांची यादीही तिच्यासाठीच असलेल्या फ्रीअ‍ॅड्रइन्फोनं परत केली. ज्याचं भांडं, त्याच्याच घरी!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "मला ती ओळ दिसली होती, पण तुम्ही सिनियर, म्हणून बोलले नाही." हे मला सर्व्हर पडण्यापेक्षा जास्त लागलं.

आता मॅलॉक लिहिलं, की पुढची ओळ लिहायच्या आधी मी त्याचं फ्री लिहितो. आणि टीममध्ये कुणी नवीन आलं, की पहिल्याच दिवशी माझा कोड त्याच्यासमोर ठेवून सांगतो, "यात चूक शोध."