अर्ज भरण्याचे दिवस

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

संध्याकाळी सोसायटीच्या बागेत हल्ली एकच विषय. घसरगुंडीशेजारच्या बाकावर आम्ही चार-पाच आया, कधी एखादे बाबा, कधी आजोबा, आणि चर्चा नर्सरीची. कुठल्या शाळेचे फॉर्म निघाले, कुठे पहाटेपासून रांग लागते, कुणाची कुठे ओळख आहे. मुलं वाळूत खेळत असतात आणि त्यांच्या भवितव्याची बोलणी त्यांच्या डोक्यावरून चाललेली असतात.

आज बी विंगमधली मैत्रीण रडवेली होऊन आली. तिच्या मुलाला काल एका शाळेने 'इंटरॅक्शन'साठी बोलावलं होतं. मुलगा अजून साडेतीनचाही नाही. मॅडमनी एक कार्ड समोर धरलं आणि इंग्रजीत रंग विचारला. कार्डावर पिवळंधमक केळं. पोरगं खुशीत म्हणालं, "केळं!" मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न केला. त्यानेही पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने, मॅडमना ऐकू आलं नसेल अशा समजुतीने. मग मॅडम त्याच्या बाबांकडे वळल्या. "घरी इंग्रजी बोलत नाही का तुम्ही?" तेवढ्यावर आटोपलं.

मला संताप आला. मुलाने वस्तू ओळखली, तिचं नाव सांगितलं, परक्या माणसासमोर न बिचकता आवाज चढवला. त्या वयाच्या मुलाकडून आणखी काय हवं असतं? पण बाकावर लगेच सल्ले सुरू झाले. रंगांची फ्लॅशकार्डं आण, आजपासून घरात इंग्रजीच बोला, पलीकडच्या चौकात अशा मुलाखतींचीच तयारी करून घेणारा क्लास आहे. तुझ्या मुलात काहीही कमी नाही, हे तिला कुणीच सांगेना. शेवटी मी सांगितलं. ती गप्प राहिली, पण घरी जाताना मुलाला कडेवर घेऊन गेली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री शिक्षणहक्क कायदा वाचत बसले. कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १३ अगदी स्पष्ट आहे. प्रवेश देताना देणगी घ्यायची नाही, आणि मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना कुठलीही चाळणी लावायची नाही. लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. देणगी घेतली तर रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्यातच आहे, पुढच्याच कलमात.

हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा. नर्सरीत चाळणी लावणाऱ्या शाळा त्या वयाकडे बोट दाखवतात, आणि एकदा नर्सरीतच चाळून घेतलं की पहिलीला वेगळं काही करावं लागत नाही. कायद्यातली ही फट बुजवायला हवी. तीन वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाहून कमी संरक्षण असावं, याला काही तर्क नाही.

बाकावर हे सगळं वाचून दाखवलं. ए विंगमधले आजोबा म्हणाले, "कायदा आहे हो, पण ज्या शाळेत नातू घालायचा तिच्याशीच भांडण कोण घेईल?" खरं आहे. एकटी आई भांडू शकत नाही. म्हणून ठरलं की त्या शाळेला पाच घरांनी मिळून एकच पत्र द्यायचं, भांडणाचं नाही, विचारणेचं: प्रवेशाचे निकष काय आहेत, ते लेखी कळवावेत. मसुदा मी करतेय.

१ डिसेंबर, रविवार

आता आमच्या घरचा प्रश्न. लेक नोव्हेंबर २०२२ची. महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला मोजतात: नर्सरीला तीन पूर्ण, पहिलीला सहा पूर्ण. म्हणजे येत्या जूनमध्ये ती नियमात बसते. पण शाळेच्या पहिल्या दिवशी ती असेल जेमतेम अडीच वर्षांची, आणि तिच्याच वर्गात जानेवारीत जन्मलेली मुलं तिच्याहून दहा महिन्यांनी मोठी. अडीच वर्षांच्या आयुष्यात दहा महिने म्हणजे तिसरा हिस्सा.

सासूबाई म्हणतात, "नियमात बसतंय ना? मग वर्ष कशाला वाया घालवायचं?" त्यांची काळजी मला समजते. त्यांच्या वेळी मुलीचं एक वर्ष मागे पडलं की पुढे तेच कारण करून शिक्षण तोडायचे. पण मी चौथ्या मजल्यावरचा डिसेंबरातला मुलगा पाहते आहे. आता दुसरीत आहे. डायरीत दर आठवड्याला शेरा: लक्ष नसतं, अक्षर वाईट, मागे पडतो. तो मागे पडलेला नाही. वर्गात सगळ्यांत लहान आहे, एवढंच. त्याच्या वयाची निम्मी मुलं खालच्या वर्गात आहेत आणि तिथे त्यांचं कौतुक चाललंय.

आम्ही एक वर्ष थांबणार. दोघांचं एकमत झालं. तोवर गल्लीतली बालवाडी, दोन तास, चालत.

१४ डिसेंबर, शनिवार

डहाणूहून आत्या आली आहे. पंचवीस-तीस वर्षं अंगणवाडीत काम करून निवृत्त झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं ती घरच्या माणसांसारखी घेते. ताराबाईंनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची साधनं महाग, ती पाड्यावर कुठून येणार? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. आणि मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर अंगणवाड्या आहेत. त्यामागे आपल्या या दोघी बायकांचं एवढं मोठं काम आहे, हे प्रवेशाच्या गडबडीत कुणाला आठवतही नाही.

आत्याने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चिंचोके, राजमा आणि वाल एका ताटात मिसळले, तीन वाट्या मांडल्या, आणि लेकीला काही न सांगता स्वतः एक-एक दाणा उचलून वाटीत टाकू लागली. दोन मिनिटांत लेक शेजारी. चिंचोका गुळगुळीत, तो बोटांतून निसटायचा. तिने तो आधी मुठीत धरला, मग तीन बोटांत, आणि शेवटी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत. जीभ बाहेर, भुवया जवळ. अर्धा तास ती तिथून हलली नाही. मग छोट्या तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतणं. सांडलं. मी उठणार तोच आत्याने मला हाताने थांबवलं आणि लेकीपुढे फडकं ठेवलं. तिने पुसलं, जरा इकडेतिकडे पसरवलंही, आणि पुन्हा ओतलं.

"पेन्सिल हातात द्यायच्या आधी बोटांना हे काम पाहिजे," आत्या म्हणाली. "तुमच्या शाळा तिसऱ्या वर्षी ओळीत ए बी सी गिरवून घेतात. ती बोटं तयार नसतात गं. मूल मग रडतं, आणि आई म्हणते अभ्यासाचा कंटाळा करतं."

शाळा कशी बघायची, तेही तिने सांगितलं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं आणि मुलांचे चेहरे बघायचे. बाथरूम बघायचं. एका बाईंकडे किती मुलं आणि जोडीला मावशी आहेत का, ते विचारायचं. आणि मूल रडायला लागलं की बाई त्याला कुठल्या भाषेत जवळ घेतात, ते कान देऊन ऐकायचं. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही, शक्य असेल तिथे, निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, असंच सांगतं. बाकावर मात्र मराठी माध्यमाचं नाव काढलं की लोक विषय बदलतात.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

बाकावर आज मोबाइल. मूल मोबाइलशिवाय जेवत नाही, हे सांगणाऱ्या तिघी निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास सांगितलाय, त्याहून कमी असेल तर उत्तमच. एका वेळच्या जेवणापासून सुरुवात करायचं ठरलं: रात्री सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि फोन दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेसुद्धा.

शाळेचं उत्तर आलं. प्रवेश यापुढे 'उपलब्ध जागांनुसार', इंटरॅक्शन 'केवळ ओळखीपुरतं'. वाक्य मोघम आहे, पण लेखी आहे. जपून ठेवलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आजपासून आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या राखीव जागांचे, अर्ज सुरू. स्वयंपाकाच्या ताईंचा मुलगा पहिलीच्या वयाचा आहे, त्याचा अर्ज भरायचा आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या हक्काच्या असतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. पालक न्यायालयात गेले म्हणून आज ताईंना हा अर्ज भरता येतोय.

उत्पन्नाचा दाखला ताईंनी ई-सेवा केंद्रातून काढलाय, वर्षाला एक लाखाच्या आतला. अडलंय ते पत्त्यावर. रेशनकार्ड गावचं, लातूरकडचं. इथे भाड्याची खोली, आणि नोंदणी केलेला भाडेकरार हवा. घरमालक म्हणतात, नोटरीचा कागद देतो. तो चालत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

मुदत २७ला संपत होती, ती २ फेब्रुवारीपर्यंत वाढली. तेवढ्यात घरमालकांच्या पत्नीने शब्द टाकला आणि करार नोंदवला गेला. आज आम्ही दोघींनी अर्ज भरला. नकाशावर घराचा फुगा ठेवायचा असतो, कारण शाळेचं अंतर तिथून मोजतात. ताईंची वस्ती नकाशावर नुसता करडा पट्टा. ताई फोन डोळ्यांजवळ धरून बोटाने वाट शोधत होत्या: हा नाला, हे मारुतीचं देऊळ, ही पिठाची गिरणी, गिरणीमागे तिसरं दार. फुगा बरोबर तिथे ठेवला. मग शाळा निवडल्या. दहापर्यंत टाकता येतात, ताईंनी चारच टाकल्या, पोराला चालत नेता येईल अशा.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुण्यात आरटीई प्रवेशांची सोडत निघाली. राज्यात जागा एक लाख नऊ हजारांच्या आसपास, अर्ज तीन लाखांहून जास्त.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताईंच्या मुलाचं नाव प्रतीक्षा यादीत आहे, बरंच खाली. ताई वाट पाहत बसल्या नाहीत. परवा त्या त्याला घेऊन महापालिकेच्या शाळेत गेल्या, मीही सोबत गेले. पहिलीच्या बाईंनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, गावाकडे घरी कोण असतं ते विचारलं. आजी आणि म्हैस, तो म्हणाला. म्हशीचं नाव काय? मग तो बोलतच सुटला. वर्गात खिडक्या मोठ्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, बाथरूमला पाणी होतं. ताईंनी तिथेच नाव घातलं. यादी पुढे सरकली तर तेव्हा बघू, म्हणाल्या.

सोसायटीच्या फलकावर लावायला आज एक कागद लिहिला. पुढच्या वर्षी ज्यांना पहिलीचा किंवा नर्सरीचा अर्ज भरायचा आहे, त्यांनी जानेवारीची वाट पाहू नये. भाडेकरार नोंदवून घ्या, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला दिवाळीच्या आत काढा, जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून घ्या. शाळेने मुलाची परीक्षा घेतली तर निकष लेखी मागा, आणि एकट्याने न मागता चार घरं मिळून मागा. ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येतो, त्यांनी आपल्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या, वॉचमनकाकांच्या मुलांचाही अर्ज भरून द्यावा. त्याला एक संध्याकाळ लागते.