पाटीवर 'ल', ओठांवर 'ळ'

प्रवासवर्णन म्हटले की अलीकडे नॉर्वेचे फ्योर्ड, स्टॉकहोमची बेटे आणि मध्यरात्रीचा सूर्य यांच्याखेरीज गप्पा पुढे सरकत नाहीत. पगारातून घराचा हप्ता आणि मुलीची फी वजा केल्यावर आमच्यासारख्या प्राध्यापकाच्या वाट्याला येणारी उत्तर दिशा नागपूरच्या पलीकडे फारशी जात नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही उभयतांनी मराठी मुलखाचे उत्तर टोक पाहायचे ठरवले. मध्य प्रदेशातील सौंसर, जामसांवली आणि पांढुर्णा हा तो टापू.

निपाणीहून बसने कोल्हापूर आणि तेथून महाराष्ट्र एक्स्प्रेसचा स्लीपर. एक रात्र आणि दुसरा जवळजवळ सगळा दिवस गाडीत जातो. सौ.चे माहेर गोकाकचे, त्यामुळे सोबत खटक रोट्टी आणि शेंगाचटणीचा डबा होता. गाडीतल्या जेवणाचा खर्च वाचला. नागपुरात धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी सावनेरमार्गे सौंसरची बस धरली. पूर्वी या बाजूला नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी धावत असे. 2015 मध्ये ती बंद झाली आणि आता तेथे ब्रॉडगेज आहे.

सावनेर मागे पडले की काळ्या रानात कापूस, मग संत्र्यांच्या बागा आणि समोर सातपुड्याची निळी रेघ. आंबिया बहाराची फळे उतरवणे चालू होते. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग पाहून सौ. म्हणाली, "एष्टु कित्तळे नोड्री!" राज्याची हद्द कधी ओलांडली ते कळलेच नाही. नदी नाही, डोंगर नाही, माणसांच्या बोलण्यातही फरक नाही. पुढच्या बाकावरच्या बायका सावनेरला जी मराठी बोलत होत्या तीच सौंसरला उतरताना बोलत होत्या.

इतिहासाच्या अंगाने पाहिले तर यात नवल नाही. ज्या बख्त बुलंद शाहाने 1702 मध्ये नागपूर वसवले तो देवगडचा गोंड राजा, आणि देवगडचा किल्ला आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे. पुढे भोसल्यांचे राज्य आले, मग इंग्रजांचा मध्य प्रांत आला. या सगळ्या काळात नागपूर आणि छिंदवाडा एकाच छत्राखाली होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. हीच ती तारीख, ज्या दिवशी आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. एकाच दिवशी आखलेल्या या दोन रेघा. आपल्याकडच्या रेघेवर मोर्चे निघाले, आयोग बसला, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. तिकडची रेघ मात्र शांत. असे का, हा प्रश्न मनात घेऊनच मी जामसांवलीला उतरलो.

जाम नदीच्या काठचे हे छोटे गाव तेथील हनुमानासाठी प्रसिद्ध आहे. पिंपळाखाली मूर्ती आहे ती उभी नाही, निजलेली आहे. खुलताबादचा भद्रा मारुती ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल. मूर्तीच्या नाभीतून येणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. मानसिक त्रास असलेल्या आप्तांना घेऊन कित्येक कुटुंबे येथे मुक्कामाला असतात. औषधपाणी चालू ठेवून श्रद्धा जपावी, एवढेच आपण म्हणावे. 2023 मध्ये येथे 'हनुमान लोक' या मोठ्या बांधकामाचे भूमिपूजन झाले, आणि त्याच वर्षी सौंसर व पांढुर्णा हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला.

मंडपाबाहेर आम्ही दोघे कन्नडमध्ये बोलत बसलो होतो. शेजारच्या आजी बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "कोन्ती भाषा व्हय वो बाई हे?" कानडी म्हटल्यावर त्या खुलल्या. "अवं, आमच्या इठोबाले बी तं कानडाच म्हंतेत!" मग त्यांनी गावाची माहिती सांगितली, आणि प्रत्येक वेळी नाव घेतले ते 'जामसावळी'. पाटीवर मात्र 'जामसांवली'.

हा फरक आधी सौ.च्या ध्यानात आला. "ळ तुमच्यात आहे, आमच्यात आहे, यांच्या हिंदीत नाही," ती म्हणाली. खरेच, मराठी आणि कन्नड या दोन भाषांनी जपलेले हे अक्षर प्रमाण हिंदीला लागत नाही. पोळ्याचा 'पोला' होतो, सावळीची 'सांवली' होते. आणि लिपी एकच, देवनागरी, त्यामुळे पाटी बदलली तरी डोळ्यांना खुपत नाही. आपल्याकडे कन्नड आणि मराठी लिपी वेगळ्या. दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे वर आणि कोणती खाली, यावरून बाजार बंद होतो. तो त्रास मोठाच; पण त्या त्रासामुळे निदान आपली भाषा कुठे आहे आणि कुठे नाही हे रोज दिसते. सौंसरच्या रेघेवरील शांततेचे एक कारण मला तेथे असे उमगले.

चहाच्या टपरीवर अकरावीतला एक मुलगा भेटला. घरी मराठी, शाळा हिंदी. पिशवीतला आपल्या साप्ताहिकाचा अंक मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने धडाधड वाचला, फक्त 'विज्ञान'चे 'विग्यान' केले. छान वाचतोस, म्हटले. मराठीत दोन ओळी लिहून दे. तो हसला. "बोलता येते सर, लिवता नाही येत." आजोबांची जुनी पत्रे घरात आहेत, ती त्याला वाचता येतात, उत्तर मात्र तो हिंदीत लिहील. भांडण नाही, दुःख नाही, तक्रारही नाही. भाषा घरात सुखाने नांदते आहे, पण कागदावरून उठून गेली आहे. मला आमची मुलगी आठवली. आजीशी ती मराठीत तासभर बोलते, आईशी कन्नडमध्ये भांडते, आणि लिहायची वेळ आली की इंग्रजी काढते. म्हणजे आमच्या घरात एक नाही, दोन भाषा त्या मुलाच्या वाटेवर आहेत.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गेलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीसाठी हे गाव देशभर ओळखले जाते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळवण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. दोन्ही काठांवर भाषा एकच. भाषा एक असली म्हणजे दगड थांबतात असे नाही, हे आपण सीमाभागातल्या लोकांनी लक्षात ठेवावे. गंमत म्हणजे हिंदी वृत्तपत्रांनाही 'गोटमार' हाच मराठी शब्द छापावा लागतो.

आता पुन्हा त्या खर्चिक उत्तरेकडे वळू. हेलसिंकीत स्वीडिश बोलणारे शंभरात पाच-सहाच आहेत, तरी रस्त्यांची नावे फिनिश आणि स्वीडिश दोन्हींत लिहितात. फिनलंडचा नियम असा की गावात दुसऱ्या भाषेचे लोक शंभरात आठ किंवा एकूण तीन हजार असले तर गाव द्विभाषिक. स्वीडिशमधून शाळा आहेत, सरकारी कागद आहेत. आपल्याकडेही 1956 मध्येच घटनेत कलम 350 अ घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. कलम आहे, पण मागणाऱ्याच्या हातात अर्ज लागतो, आणि अर्ज लिहायला भाषा लिहिता यावी लागते. शाळेची वाट पाहत न बसता घरात आठवड्याला एक पत्र, एक किराणा यादी, एक निरोप मराठीत आणि एक कन्नडमध्ये लिहून घेणे तर आपल्या हातात आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. मंगळवार-शनिवारी आणि हनुमान जयंतीला गर्दी असते, ते दिवस टाळावेत. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर पांढुर्णा हे स्टेशन आहे. नागपूरहून बसही सोयीची. पाटी 'जामसांवली' अशीच वाचावी लागेल. तिकीट मागताना मात्र बेधडक जामसावळी म्हणा, कंडक्टरला बरोबर कळते.