घरची बिअर, हॉप्स आणि युरिक अॅसिड

"डॉक्टर, मुलगा घरीच बनवतो. केमिकल नाही, काही नाही. तिचा त्रास होणार नाही ना?"

हा प्रश्न अलीकडे वरचेवर येतो. मुलगा अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असतो, आईवडील सहा महिने राहून परत येतात आणि रक्ताच्या तपासणीत युरिक अॅसिड नाहीतर लिव्हरचे आकडे वाढलेले दिसतात. परवा हेच विचारणाऱ्या काकांचं युरिक अॅसिड ९.२ होतं आणि पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल. घरच्या तुपासारखी, घरच्या लोणच्यासारखी घरची बिअरही निर्मळ, अशी त्यांची समजूत. "घरची" या शब्दावर आपला फार भरवसा असतो.

या विषयावर मी जरा अधिकाराने बोलू शकतो, कारण ती मी स्वतः बनवली आहे. इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट नावाच्या गावात काही वर्षं नोकरीला होतो. गाव बिअरसाठीच प्रसिद्ध. तिथल्या जमिनीखालच्या पाण्यात जिप्सम भरपूर असतं आणि त्याने हॉप्सचा कडूपणा खुलतो. एकोणिसाव्या शतकात तिथून पिंपंच्या पिंपं हिंदुस्थानात यायची, 'इंडिया पेल एल' हे नाव त्यातूनच आलं. शेजारी एक निवृत्त आजोबा राहायचे, उभी हयात ब्रुअरीत गेलेली. थंडीतल्या रविवारी ते मला मदतीला बोलवायचे. तिकडे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही.

साहित्य चारच: पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू. बाळासाठी आपण नाचणीचं सत्त्व करतो ना, त्यातलीच युक्ती. मोड आले की धान्यात अमायलेज हे एन्झाइम तयार होतं आणि ते पिष्टाची साखर करतं. वीस लिटरला आम्ही साधारण पाच किलो माल्ट घ्यायचो, भरड दळलेला, आणि तासभर ६६-६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवायचो. फार तापवलं तर एन्झाइम मरतं. तासाने चव घेतली की पाणी गोड झालेलं असायचं. गाळून घेतलेल्या या गोड पाण्याला वर्ट म्हणतात.

मग तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्स. हॉप्स ही एका वेलीची फुलं, हिरवी, कागदी, चुरगाळली की राळेसारखा आणि संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. वेल भांगेच्या कुळातली आहे, पण भांगेची नशा तिच्यात नाही. हे सांगितलं की काही जणांचा चेहरा उतरतो! सुरुवातीला टाकलेल्या हॉप्समधली आम्लं उकळून कडू होतात, शेवटी टाकलेल्यांचा सुगंध टिकतो. हॉप्सचा वास हवा असेल तर बिअर आंबून झाल्यावर आणखी मूठ-दोन मूठ थंडच घालून चार-पाच दिवस ठेवायच्या. हॉप्स अनेक जिवाणूंना वाढू देत नाहीत, हा त्यांचा जुना उपयोग. (घरात कुत्रा असेल तर उरलेला चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. कुत्र्याचा ताप जीवघेणा वाढतो.)

उकळलेलं वर्ट वीस अंशांपर्यंत पटकन गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. इथून पुढे स्वच्छतेचा प्रश्न. गोड, कोमट वर्ट म्हणजे जंतूंना पंचपक्वान्नांचं ताट. आजोबा डाव, झाकण, नळी सगळं निर्जंतुक करून घ्यायचे, आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांची आठवण यावी इतक्या कडकपणे. एकदा अल्कोहोल तयार झालं, आम्लता वाढली, की माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट होते, घाण वास मारते, पण पटकी होत नाही. बंद खोलीत मोठी पिंपं आंबत ठेवू नयेत, कारण कार्बन डायऑक्साइड साचतो. आणि बाटल्या भरताना साखर अंदाजाने जास्त पडली तर बाटली फुटून काच डोळ्यात जाते. काचेच्या जखमा हा या छंदातला खरा अपघात.

आता मुद्द्याकडे येतो. आजोबांकडे एक हायड्रोमीटर होता, डेअरीत दुधाला लावतात त्या लॅक्टोमीटरचा भाऊच. यीस्ट घालण्यापूर्वी आकडा १.०५५, दोन आठवड्यांनी १.०१२. मधली साखर यीस्टने खाल्ली आणि तिचं अल्कोहोल केलं. फरकाला १३१ ने गुणायचं: सुमारे ५.६ टक्के. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत २८ मिलिलिटर, वजनात २२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तेच इथेनॉल, जे व्हिस्कीत असतं. लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. कॅलरी दोनशेच्या वर, त्या वेगळ्या. ब्रिटनमध्ये २०१६ पासूनचा सल्ला आठवड्याला चौदा युनिटपेक्षा जास्त नको असा आहे. एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम. या हिशोबाने अशा पाच बाटल्यांत आठवडा संपला. आणि हा कमी धोक्याचा आकडा आहे, बिनधोक्याचा नव्हे. फॅटी लिव्हर असलेल्याला मी शून्यच सांगतो.

युरिक अॅसिडचं गणित तर बिअरच्या बाबतीत दुहेरी वाईट. अल्कोहोलमुळे किडनी युरिक अॅसिड कमी बाहेर टाकते, आणि यीस्ट-माल्टमधली प्युरिन्स ते आणखी तयार करतात. घरच्या बाटलीच्या तळाशी यीस्टचा साका असतो, तो "पौष्टिक" म्हणून हलवून पिणारे मी पाहिले आहेत. गाऊट असलेल्याने तर तो मुळीच पिऊ नये. बिनअल्कोहोलची बिअरही त्यांना पूर्ण माफ नाही. आजोबांनाही गाऊट होता. त्यांनी पुढे हॉप्स तेवढेच ठेवून माल्ट जवळजवळ निम्मा केला, तीन टक्क्यांची हलकी बिअर बनवली आणि फक्त रविवारी एक घेऊ लागले. दुखणं उठलं की तीही बंद. माणूस हुशार होता.

मधुमेहींसाठी: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी घेतलेल्या बिअरनंतर साखर काही तासांनी, बऱ्याचदा झोपेत, एकदम उतरू शकते. मेट्रोनिडाझोल चालू असताना नकोच. सातूमध्ये ग्लुटेन असतं, हे सिलिॲकच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावं.

"घरी केली तर विषारी होईल का?" असंही विचारतात. मनात २०१५ च्या जूनमधलं मालाडचं मालवणी असतं, जिथे शंभराहून अधिक माणसं गेली. तिथला मारेकरी मिथेनॉल होता आणि तो आंबवण्यातून आला नव्हता, दारूत मिसळला होता. सातूच्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य. पण कुठलीही दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर घरी थांबू नका. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. वेळेत औषध आणि डायलिसिस मिळालं तर माणूस आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात. डॉक्टर रागावतील म्हणून दारूची गोष्ट लपवणं इथे जिवावर बेतू शकतं.

आणि हो, हे वाचून कोणी उद्या मोठं पातेलं आणायला निघू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे.

काकांना मी बिअर बंद करायला सांगितलं, पण त्याआधी रोज किती घेता ते विचारलं. ते आठवड्याला तीन-चार बाटल्यांवर होते, त्यामुळे लगेच थांबण्यात धोका नव्हता. तुम्ही रोज, बरीच वर्षं आणि भरपूर घेत असाल तर हा लेख वाचून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. हात थरथरणं, भास, फिट्स असे त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात. आधी डॉक्टरांना भेटा, खरा आकडा सांगा. त्या दिवसांसाठी औषधं असतात.