तिसरीला खाडीत सोडू का?

धीम्या लोकलने कल्याणकडे निघालात, की डोंबिवलीनंतर ठाकुर्ली लागते. जलद लोकल इथे थांबत नाहीत, म्हणून पुष्कळांना ठाकुर्ली फक्त खिडकीतून माहीत! एके काळी मात्र इथल्या पॉवर हाऊसचा मोठा रुबाब होता. ते १९२९ साली सुरू झाले आणि कित्येक वर्षे त्याने मुंबईच्या रेल्वेला वीज पुरवली. पश्चिमेला उल्हास नदीची खाडी आहे. भरतीचे पाणी इथवर चढते आणि ओहोटीला माघारी फिरते.

एका रविवारी मासळीबाजारात माझ्या वर्गातला एक मुलगा भेटला. त्याची आई तिसऱ्यांचा वाटा घेत होती. (तुमच्याकडे त्यांना शिंपल्या म्हणत असतील.) इयत्ता तिसरीतल्या या पठ्ठ्याने एक तिसरी हातात धरली होती. टिचकी मारली, की ती चटकन मिटायची.

"बाई, ही जिवंत आहे. हिला खाडीत सोडू?"

"सोड की रे बाळा, एकीनं माझा वाटा काय कमी होत नाय!" कोळीणमावशी हसून म्हणाल्या.

मी मात्र 'नको' म्हटले. त्याचा चेहरा पडला. इतका चांगला विचार बाईंनी का मोडावा? पावसाळ्यात आपली खाडी नदीच्या पाण्याने गोडी होते, खाऱ्या पाण्यातली तिसरी तिथे टिकायची नाही, हे एक कारण. पण दुसरे जास्त महत्त्वाचे आहे.

तिसरी चिखलात बसून एका नळीने पाणी आत घेते, त्यातले बारीक अन्न गाळून खाते आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडते. या पाण्याबरोबर कधी कधी एक आगंतुक आत शिरतो. त्याचे नाव पर्किन्सस. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा, साधारण त्यातल्या एका भागाएवढा हा परजीवी! तो तिसरीच्या मांसात वाढतो. फार झाला, तर तिच्या कल्ल्यांवर पांढरट गाठी दिसतात. तिसरी अशक्त होते, कधी मरते. ती कुजली, की आतले जंतू पाण्यात मोकळे होतात आणि शेजारणीकडे जातात. पाणी उबदार आणि खारे असले, की त्याचे चांगलेच फावते.

याचा शोध कसा लागला ते ऐका. अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यावर कालवे भराभर मरू लागली. कालवेवाल्यांनी तेलकंपन्यांवर ठपका ठेवला, प्रकरण कोर्टात गेले. तपास करताना शास्त्रज्ञांना हा जंतू सापडला. १९५० साली त्यांनी त्याचे वर्णन छापले, पण त्याला बुरशी समजून! पुढे १९५२ साली सॅमी रे यांनी त्याला ओळखण्याची युक्ती काढली. कल्ल्याचा तुकडा एका खास द्रावणात काही दिवस अंधारात ठेवायचा आणि मग त्यावर आयोडीन टाकायचे. जंतू असले तर निळे-काळे दिसतात. बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकून तुम्ही शाळेत पाहता ना, तसेच.

१९८०च्या दशकात पोर्तुगालमध्ये तिसऱ्यांच्याच जातीच्या शिंपल्या मोठ्या संख्येने मेल्या, त्यामागेही याचाच एक भाऊबंद होता. तो आशियातून नेलेल्या जिवंत शिंपल्यांबरोबर युरोपात पोचला असावा, असे मानतात. आपल्या देशात, दक्षिणेकडच्या मोत्याच्या कालवांत तो सापडल्याची नोंद कोचीच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली केली.

घाबरू नका हं, तो माणसाला लागत नाही. पण ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांचे पोट त्याच शिंपल्यांवर असते. एका खाडीतली जिवंत तिसरी दुसऱ्या खाडीत टाकली, तर तिच्या पोटातला पाहुणाही तिथे उतरू शकतो. दिसत नाही, म्हणून कळत नाही. तिसऱ्या धुतलेले पाणीसुद्धा म्हणूनच खाडीत ओतू नये.

त्याने हे सारे ऐकले आणि मुकाट्याने तिसरी आईच्या पिशवीत टाकली. सोमवारी शाळेत आल्या आल्या म्हणाला, "बाई, आईने एकशिपी केली. त्याआधी मी भिंगातून सगळ्या बघितल्या. पांढरी गाठ एकीतही नव्हती."

"आणि खाल्ल्यास की नाही?"

"अकरा!"