बिरड्याचा रोजा

वालाचं बिरडं आवडतं ना तुम्हांला? माझ्या आठवणीत त्या बिरड्याला एक उपास चिकटलेला आहे, आणि त्या उपासाला माझी एक खोटी पोटदुखी!

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. आमच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फुटलं, असं आमच्याकडे सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात आम्ही मराठीच बोलतो.

जेरुसलेममधलं ज्यूंचं मोठं मंदिर इ.स.पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने पाडलं. पुन्हा बांधलेलं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जाळलं. या दोन्हींचा शोक आम्ही अव महिन्याच्या नवव्या दिवशी पाळतो. हा दिवस जुलै-ऑगस्टात येतो. आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या निघेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. चामड्याच्या चपला घालायच्या नाहीत, जमिनीवर बसायचं. कोकणात या दिवसाशी बिरड्याचं जेवण जोडलं गेलं, म्हणून याचं नाव 'बिरड्याचा रोजा'.

डी.एड.साठी मी पुण्याला आले, तेव्हा हा रोजा पहिल्यांदाच घराबाहेर आला. कॅम्पातलं १८६७ सालचं लाल देऊळ तुम्ही पाहिलं असेल. ते आमचं प्रार्थनामंदिरच. मी मात्र रास्ता पेठेतल्या प्रार्थनामंदिरात गेले. मंद उजेडात सगळे जमिनीवर बसून 'विलापगीत' ऐकत होते. आईची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहात मैत्रीण म्हणाली, "चल गं जेवायला." मी पटकन सांगून टाकलं, "पोट दुखतंय."

झालं! ती ओवा आणि गरम पाणी घेऊन धावत आली. मेसच्या मावशींनी मुद्दाम मऊ भात करून पाठवला. मी काहीच घेईना, तेव्हा मैत्रीण घाबरली. "डॉक्टरांना बोलावते," म्हणत चपला घालू लागली. मग मात्र मला रडूच कोसळलं. सगळं खरं सांगितलं.

ती म्हणाली, "अगं, माझा सोमवार असतो तेव्हा मी साऱ्या खोलीला सांगते. तू का लपवलंस?"

"तुम्ही हसाल असं वाटलं."

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "आम्ही हसलो असतो की नाही, हे बघायची संधी तरी द्यायचीस!"

खरंच होतं ते. कुणी हसलं नव्हतं. मीच मनातल्या मनात सगळ्यांना हसायला लावलं होतं. मावशींना जाऊन मी खरं सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग रात्री किती वाजता वाढू?"

पुढच्या वर्षी मैत्रिणीने चिपळूणहून वाल आणले. आम्ही ते भिजवले, फडक्यात बांधून मोड काढले आणि खोलीत जमिनीवर बसून सोलले. बोटं पार सुरकुतली!

आता मी शिक्षिका आहे. डबा न उघडता कुणी "पोट दुखतंय" म्हणालं, की मी त्याच्याजवळ जाऊन बसते. कधी पोट खरंच दुखत असतं. कधी मात्र सांगायचं काही वेगळंच असतं. तुमच्या शेजारच्या बाकावर असं कुणी आहे का हो?